दारं दाखवणारे भाऊजी

मुखेडला आमच्या चुलत पुतणीचं लग्न होतं. भटजींनी अंतरपाट धरायला दोन माणसं बोलावली, तर तिसरंच माणूस स्टेजवर चढलं. ते आमचे धाकटे दीर, दिगंबरभाऊजी. त्यांनी सूत्रसंचालकाच्या हातातून माईक काढून घेतला. लोकांना वाटलं, आहेर आणू नयेत असं सांगायचं असेल. भाऊजींनी घसा खाकरला, दोन्ही हात ताठ पसरले आणि बोटांनी दिशा दाखवत म्हणाले,

“मंडळी, या कार्यालयाला दोन दारं पुढं आहेत, एक स्वयंपाकाकडं आहे आणि एक नवरीच्या खोलीमागं. काही घडलंच तर पिशव्या, चपला, आहेराची भांडी, सगळं जागेवर सोडायचं आणि निघायचं. आणि एक ध्यानात ठेवा, तुमच्या जवळचं दार तुमच्या पाठीमागंही असू शकतं.”

मांडवातल्या झाडून सगळ्या माना पाठीमागं वळल्या. नवरदेवाची मुंडावळ्यांसकट वळली. वरपक्षातले जळकोटचे एक आजोबा “पंगत उठली का?” असं विचारत काठी शोधू लागले. मुलीचे वडील तर पांढरेफटक पडले. त्यांना वाटलं, कार्यालयाला खरंच काहीतरी झालंय आणि भाऊजी ते सभ्य भाषेत सांगायलेत. मी पुढच्याच रांगेत होते, नवरीची मोठी काकू. मी पदर तोंडात कोंबला. लोकांना वाटलं, मला धक्का बसला. वाटू दिलं.

भाऊजी मुखेडच्या शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावर नांदेडला आमच्या घरात वरच्या मजल्यावर राहायला आले. आमचे हे गेले, भाऊजींची मालती गेली. आता खाली मी, वर भाऊजी आणि मधे जिना. माझा मुलगा अनिल लातूरला असतो. रविवारी येतो आणि आमची भांडणं ऐकून चेहरा पाडून बसतो. वहिनी-दिराची भांडणं मिटवायची नसतात, ती मुरवायची असतात, हे त्या पोराला अजून कळलेलं नाही.

भाऊजींना नाद एकच, विमानाचा. विमानात बसायचा नव्हे. ते पडत का नाही, याचा. “आधी तसल्ली, मग प्रवास,” हे त्यांचं पेटंट वाक्य. ते वाक्य ते एसटीत म्हणत, लिफ्टमध्ये म्हणत, आणि एकदा जत्रेतल्या पाळण्यात बसायच्या आधी तिकीटवाल्याला त्यांनी नटबोल्टाबद्दल इतके प्रश्न विचारले, की मागची सगळी रांग भेळ खायला निघून गेली. रिक्षात बसायचं तर आधी बाहेरून एक फेरी मारायची. चाकं बघायची, आरसा बघायचा. पायलट तसं बघतो म्हणे.

“काका, बसायलाव का नुसतं बघायलाव?” एकदा रिक्षावाल्यानं विचारलं.

“बसतो की. पण दार कुठाय तुझ्या रिक्षाला?”

“रिक्षाला कुठं दार असतंय, काका?”

“तेच म्हणलो मी. बाहेर पडायचा इंतजाम उत्तम आहे. आत टिकायचा न्हाई.” एवढं बोलून भाऊजी बसले आणि कमरेला काही बांधायचं सापडतं का, ते चाचपू लागले. शेवटी माझ्या पिशवीचा बंद धरला.

मी हसते, पण विमानाच्या बाबतीत माझी अक्कल कुठली जगावेगळी होती? नवी नवरी म्हणून मुखेडला आले तेव्हा मी गच्चीवर पापड वाळत घालायची. कधी तरी वरून विमान जायचं. विमान दिसलं की मी झटकन डोक्यावरून पदर घ्यायची. का? तर वर कुणी सासरकडचं मोठं माणूस बसलेलं असलं, आणि त्यानं खाली बघितलं, तर काय म्हणेल, देशपांड्यांची सून उघड्या डोक्यानं पापड घालती? अशी मी मर्यादशील. भाऊजी तेव्हा कॉलेजात होते. त्यांनी हे एकदा बघितलं आणि खाली जाऊन घरभर सांगितलं. त्यानंतर कित्येक वर्षं नुसता विमानाचा आवाज आला तरी सासूबाई जेवता जेवता म्हणायच्या, “पदर घे गं.” मी घ्यायची सुद्धा. चेष्टा आहे हे कळायला मला पहिलं बाळंतपण व्हावं लागलं.

रोज सकाळी चहाला भाऊजी खाली यायचे आणि कपाला तोंड लावायच्या आधी मला एक धक्का द्यायचे.

“वहिनी, विमानाचं इंजिन पास करायच्या आधी काय करतात, ठाऊक आहे?”

“पूजा करत असतील.”

“कोंबड्या मारतात.”

मी कप खाली ठेवला. वाटलं, म्हसोबाला देतात तसा बळी असेल. परदेशातही हे चालतं म्हणून मला बरंही वाटलं. भाऊजींनी कपाळाला हात लावला. “तसं न्हाई ओ. मेलेल्या कोंबड्या तोफेत भरतात आणि चालू इंजिनात डागतात. आकाशात पक्षी आडवा आला तर इंजिन टिकतं का, ते बघायला.”

संध्याकाळी माळ जपताना मणी ओढला की कोंबडी उडायची.

दुसऱ्या दिवशी कळलं, की विमानाचे पंख दोरखंडांनी वर ओढतात, धनुष्यासारखे वाकवतात, मोडेस्तोवर. मोडले, की मंडळी टाळ्या वाजवतात, कारण ते पाहिजे होतं त्याहून उशिरा मोडले. मग कळलं, की एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर विमान तासन्‌तास समुद्रावरून जाऊ शकतं. मग कळलं, की दोन्ही पायलट एकाच भांड्यातलं जेवत नाहीत, एकाचं पोट बिघडलं तर दुसरा धड राहावा म्हणून. नवी विमानं तर अर्धीअधिक पत्र्याची नसतातच. धाग्यांचं कापड घेऊन, त्याच्यावर डिंकासारखं काही लावून, भट्टीत भाजून त्यांची अंगं करतात. “म्हणजे पापड,” मी म्हणाले. भाऊजी थोडा वेळ विचारात पडले आणि म्हणाले, “तसंच काहीसं.” त्या दिवशी मी खूश होते.

मला खरं हलवलं ते दोन गोष्टींनी. एक म्हणजे विमानं आपापसांत बोलतात. माणसं नव्हे, विमानं. समोरासमोर आली, की एक यंत्र एका पायलटला म्हणतं वर जा, दुसरं दुसऱ्याला म्हणतं खाली जा. आधीच ठरवून. माझ्या सासरी एका स्वयंपाकघरात दोन जावा होतो, आणि सासूबाई दोघींनाही वर जा म्हणायच्या.

दुसरी गोष्ट मुखवट्याची. हवा कमी झाली की वरून मुखवटे पडतात, आणि नियम असा, की आधी स्वतःला लावायचा, मग लेकराला.

“अशी कोणती आई असेल ओ?” मी विचारलं. मला रागच आला होता.

“वहिनी, तुम्ही बेशुद्ध पडल्यावर लेकराला कोण लावणार?”

दुपारी मी पहिल्यांदाच सगळ्यांच्या आधी स्वतःचं ताट वाढून घेतलं. सगळे म्हणजे भाऊजीच. गरम वरण काय चीज असते, ते मला सत्तरीत कळलं. जन्मभर मी ते निवलेलं खाल्लं आणि वर आमटी चांगली झाली म्हणून लोकांचं कौतुक ऐकलं.

आता वाचणाऱ्याला वाटेल, एवढं जाणणारा माणूस महिन्यातून एकदा तरी आकाशात असेल. भाऊजी जन्मात एकदाही विमानात बसले नव्हते.

त्यांची एकुलती एक मुलगी शुभांगी बेंगळुरूला असते. जावई देगलूरचे, त्यामुळं त्यांच्या घरात मराठी, तेलुगू आणि कन्नड एकाच वाक्यात जेवायला बसतात. मालती गेल्यापासून शुभी बापाला बोलवायची, आणि दर वेळी भाऊजींकडं कारण तयार असायचं. नवं विमान निघालं, तर ते अजून मुरलेलं नाही. जुनं असलं, तर ते फार मुरलंय. हिवाळ्यात धुकं, उन्हाळ्यात तापलेली हवा, पावसाळ्यात ढग. अनिल म्हणाला, “काका, मग रेल्वेनं जा.” तर म्हणे, “रेल्वेत कुणी दारं दाखवतं का? एक तरी टीसी सांगतो का, काही झालं तर काय करायचं ते?” अनिलनं हात टेकले. मीही म्हणाले, भित्रे आहेत. ज्याला इतकं कळतं त्यालाच भीती वाटते, आम्हा अडाण्यांना काय, आम्ही पदर घेतला की झालं.

मग शुभीला दिवस गेले. लग्नानंतर खूप वर्षांनी. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. पण डॉक्टरांनी तिला प्रवासाला सक्त मनाई केली होती. लेक माहेरी येऊ शकत नाही, तर माहेरानं लेकीकडं जायचं. आणि तिचं माहेर म्हणजे कोण? मी आणि भाऊजी. तिनं मला फोन केला.

“काकू, सातव्यात ओटी भरायला तू ये.”

“अगं, मी भरलेली चालती का? माझं कपाळ बघ की.”

“तू न्हाई भरलीस तर कोण भरणार आहे?” ती म्हणाली. मग म्हणाली, “आणि काकू, बाबांना आण. या वेळी त्यांना आण. मी सांगून थकले.”

तिचा आवाज असा होता, की मी त्याच संध्याकाळी जिना चढले. माझे गुडघे जिना चढत नाहीत, हे भाऊजींना ठाऊक होतं, म्हणून मला दारात बघून ते उठूनच उभे राहिले.

“भाऊजी, नांदेडहून विमान जातं. आपण दोघं जायलोत.”

“वहिनी, ते पंख्याचं विमान असंल.”

“पंख्याचं म्हणजे?”

“बाहेर पंखे असतात त्याला. चांगलं असतं. जवळच्या पल्ल्याला इंधन कमी, धावपट्टी छोटी पुरते. इंजिन आतून नव्या विमानासारखंच असतं, फक्त...”

“चांगलं असतं ना? मग झालं.”

भाऊजी आपल्याच कात्रीत सापडले होते. अनिलनं तिकिटं काढली आणि मी आठवडाभर भाऊजींवर पाळत ठेवली. कण्हले तर काढा दिला, शिंकले तर वाफ दिली. आजारी पडायला मी त्यांना फुरसतच दिली नाही. पोरीच्या पोटातलं बाळ वाट बघायला तयार नव्हतं, आणि तिच्या डोळ्याला बाप दिसल्याशिवाय मी तिच्या ओटीत तांदूळ टाकणार नव्हते.

बॅग भरताना आमचं एकदा वाजलं. मुखेडहून चुलत जाऊबाईंनी शुभीच्या ओटीसाठी खोबऱ्याच्या वाट्या पाठवल्या होत्या, देवीपुढं ठेवून. आमच्याकडं ओटीत खोबरं नसेल तर ती ओटी कसली. भाऊजींनी त्या बॅगेत बघितल्या आणि काढून ओट्यावर ठेवल्या.

“खोबरं विमानात चालत न्हाई.”

“का? त्याला कोंबडीसारखं तोफेत भरणार आहेत का?”

“त्यात तेल असतं वहिनी. विमानाच्या पोटात गच्च बंद राहिलं तर ते आपोआप तापतं, पेट घेऊ शकतं. मनाई आहे.”

“हे साधंसुधं खोबरं न्हाई, देवीपुढचं आहे. ते पेटणार न्हाई.”

“देवीपुढचंही तेलच असतं.”

त्यांची पाठ वळल्यावर मी वाट्या परत ठेवल्या. पैठणीच्या घडीत, तिच्यावर टॉवेल, टॉवेलवर डिंकाचे लाडू. मी सासूबाईंच्या राज्यात साड्यांच्या घडीत काय काय लपवलं, त्यांना जन्मात एक वस्तू सापडली नाही. विमानतळवाले काय सासूबाईंपेक्षा हुशार होते?

होते. बॅग मशीनमधून गेली आणि पडद्यापाशी बसलेल्या पोरीनं बसल्या जागेवरून विचारलं, “आजी, बॅगेत खोबरं आहे का?”

न उघडता. टॉवेल, लाडू, पैठणी, सगळं पार करून तिला वाटी दिसली. माझ्या सगळ्या आयुष्यात लपवलेल्या वस्तू डोळ्यांसमोरून गेल्या आणि मी म्हणाले, “बाई, तू आमच्या घरात सून म्हणून आली असतीस, तर माझं काही खरं नव्हतं.” पोरगी हसली. पण बॅग उघडावीच लागली. सगळ्यांसमोर लाडू एका बाजूला, पैठणी दुसऱ्या बाजूला, आणि वाट्या माझ्या हातात.

मला वाटलं, भाऊजी आता सगळ्या विमानतळाला ऐकू जाईल असं व्याख्यान देतील. मी मान खाली घालून तयार होते. तर त्यांनी माझ्या हातातून वाट्या घेतल्या, पिशवीत टाकल्या आणि म्हणाले, “तुम्ही जा वहिनी. मी हे घेऊन घरी जातो.”

“अनिल आहे की बाहेर. त्याच्याकडं द्या.”

“तो कुठंतरी ठेवंल. देवीपुढचं आहे.”

हे कोण बोलत होतं? काल ज्यांना देवीपुढच्यात तेल दिसत होतं, ते. मी त्यांच्याकडं नीट बघितलं. पिशवी त्यांनी छातीशी धरली होती, पूर आलेल्या माणसानं ओंडका धरावा तशी. मी त्यांना दंडाला धरून खुर्चीवर बसवलं.

“भाऊजी, खरं सांगा. इतकी भीती वाटती का विमानाची?”

“विमानाची?” ते माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी पुन्हा पदर घेतलाय. “विमानाची कशाला वाटंल? विमानाएवढं भरवशाचं काही न्हाई वहिनी.”

“मग?”

बराच वेळ ते पिशवीची गाठ सोडत आणि बांधत बसले. मग म्हणाले, “मालती होती तोवर शुभीचा फोन तीच घ्यायची. मी बाजूला पेपर वाचत असायचो. ‘बाबा बरे आहेत’, हे तीच सांगायची. शुभी बरी आहे, हे पण तीच सांगायची मला. मालती गेली आणि फोन माझ्या हातात आला. शुभी म्हणायची, जेवलात का? मी म्हणायचो, हाव. मी विचारायचो, पाऊस? ती म्हणायची, न्हाई. मग ती तिकडं गप्प, मी इकडं गप्प. ठेवते म्हणायची. ठेव.”

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

“मग तिची बदली फिरतीच्या कामावर झाली. आज दिल्ली, उद्या कोची. एकदा विमानतळावरून फोन आला. बाबा, मागच्या वेळी विमान लई हललं, मला बसावंसं वाटंना गेलंय. मी म्हणलो, थांब, बघून सांगतो. वाचनालयात गेलो, गल्लीतल्या पोरांना विचारलं, इंटरनेट शिकलो. पुढच्या वेळी तिनं विमानाचं नाव सांगितलं, की मी सगळं सांगितलं. हलतं कशानं, पंख किती वाकतो, काही होत न्हाई. मग दर वेळी फोन यायचा. बाबा, आज कोणतं विमान आहे बघा. आम्ही बोलायचो वहिनी. ती बसायला बोलवेपर्यंत बोलायचो.”

इतकी वर्षं मी त्या नादाला वेड म्हणत आले, आल्यागेल्याला सांगून हसवत आले. ते वेड नव्हतं, तो अभ्यास होता. एक बाप मुलीशी बोलायला शिकत होता, आणि त्याला तेवढा एकच धडा सापडला होता.

“दिवस गेल्यापासून ती विमानात बसत न्हाई,” भाऊजी म्हणाले. “फोन येतो. जेवलात का. हाव. आता तिच्या घरात जायचं, पंधरा दिवस समोरासमोर बसायचं. पोरीनं एवढ्या आशेनं बोलावलंय. मी काय बोलू तिथं?”

मी तोंडात आलं ते बोलून टाकलं.

“भाऊजी, विमानतळावर तिच्यासमोर पायलट होते, त्या हसऱ्या पोरी होत्या, कंपनीची माणसं होती. विमानाचं विचारायला तिला नांदेड कशाला लागत होतं?”

त्यांचे हात गाठीवर थांबले.

तेवढ्यात आमच्या विमानाच्या बॅगा जमा करायचा पुकारा झाला. लोक उठले. भाऊजीही उठले, पिशवी घेऊन, आणि काचेच्या दाराकडं चालू लागले. बाहेर अनिल उभा होता. मी जागची हलले नाही. अडवायचं असतं तर दंड धरला असता, पण ओढून नेलेला बाप पोरीला काय कामाचा? दारावरच्या जवानाशी भाऊजी काहीतरी बोलले, दार उघडलं. ते बाहेर वाकले. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. अनिल नंतर म्हणाला, “काका एवढंच म्हणाले, डब्यात ठेव, मुंग्या लागतील.” मग ते रिकाम्या हातांनी परत आले आणि माझी बॅग ओढत म्हणाले, “चला वहिनी, उशीर व्हायलाय.”

विमानात मी मुलखाची बडबडले. पंखा फिरायला लागला तेव्हा देवाचं नाव घेतलं, चाकं सुटली तेव्हा भाऊजींचा हात धरला, ढग खाली गेले तेव्हा खिडकीतून मुखेड दिसतं का ते बघितलं. त्याआधी, उडायच्या अगोदर, गणवेशातल्या पोरीनं हात पसरून दारं दाखवली, मुखवटा दाखवला, पट्टा दाखवला. सगळं विमान मोबाइलमध्ये डोकं घालून बसलं होतं, मी एकटी मन लावून ऐकत होते. भाऊजींना कोपर मारलं, “बघा की, तुमचंच चाललंय.” ते हं म्हणाले. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, स्तोत्र म्हणतायत. नीट कान दिला तर काहीतरी पाठ करत होते आणि दोन शब्दांवर अडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते.

जावई न्यायला आले होते. गाडीत ते तिन्ही भाषांत आमची विचारपूस करत राहिले आणि मी एका भाषेत उत्तरं देत राहिले. भाऊजी मागं बसून होते.

शुभीनं दार उघडलं. पोट चांगलंच पुढं आलेलं, चेहरा सुजलेला, केस वर बांधलेले. मला वाटलं, पळत येऊन बिलगेल. ती दार धरून उभी राहिली. भाऊजी पायरीवर उभे राहिले. दोघं अगदी एकसारखे अवघडून उभे होते. ही पोर मालतीवर गेली असं आम्ही म्हणत आलो, ते खोटं होतं.

“आलात?” ती म्हणाली.

“हाव.”

आणि मग दोघं गप्प. जावयांच्या हातात दोन बॅगा लटकलेल्या. शेवटी शुभीनंच धडपडून आधार शोधला. “बाबा, कोणतं होतं विमान? कसं होतं?”

भाऊजींनी तोंड उघडलं. पंख्यांवर, इंजिनावर, धावपट्टीवर त्यांना तासभर बोलता आलं असतं. त्यांनी तोंड मिटलं.

“माझं लक्षच नव्हतं गं,” ते म्हणाले. “तू कशी आहेस? पाय सुजतात का? रात्री झोप लागती का तुला?”

शुभीचा चेहरा कसा झाला ते मी सांगत नाही. तिनं बापाची बाही धरली आणि त्यांना आत ओढून नेलं. आतून तिचा आवाज येऊ लागला, पायांबद्दल, झोपेबद्दल, कुशीवर झोपायचं तर बाळ कसं लाथा मारतं त्याबद्दल, आणि मधे मधे भाऊजींचं “मग? मग?” येत होतं.

जावई म्हणाले, “काकू, या ना आत.”

“तुम्ही बॅगा ठेवा,” मी म्हणाले. “मी चपलांचे बंद सोडून येते.”

आणि मी पायरीवर बसून राहिले. माझ्या चपलांना बंद नाहीत.